हॅलोताई आणि रस्सीखेचीची कॅसेट

हॅलोताईंचं खरं नाव आता पेन्शनच्या कागदांपुरतंच उरलं आहे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली. कानाला हेडफोन, समोर बोर्ड आणि तोंडात 'हॅलो'. निवृत्त झाल्या तरी तो शब्द काही निवृत्त झाला नाही. दार उघडताना हॅलो, मांजराला हाकलताना हॅलो, चष्मा सापडला की चष्म्यालाही हॅलो. शेजारपाजारचे त्यांना हॅलोताई म्हणू लागले आणि त्यांनाही ते आवडलं.

त्यांचे यजमान म्हणजे सर. शाळेत गणित शिकवायचे. कॉपी पकडण्यात त्यांचा हातखंडा असा की पोरगं मान वळवायच्या आधी सरांना कळायचं, ही मान वळणार. पत्त्यांच्या डावातसुद्धा कुणी शेजाऱ्याच्या हातातली पानं बघितली तर सर डाव मोडून उठत. "नियम म्हणजे नियम," हे त्यांचं वाक्य.

आणि तिसऱ्या म्हणजे सरांच्या थोरल्या बहीण. हॉस्पिटलात नर्स होत्या, म्हणून सगळ्या गावाच्या सिस्टर. हॅलोताईंच्या मात्र वन्सं.

तर झालं असं, की एका दुपारी जादाची उशी हवी म्हणून हॅलोताईंनी पलंगाचा खण उघडला आणि उशीच्या मागून एक प्लॅस्टिकची पिशवी बाहेर आली. आत जुन्या व्हिडिओ कॅसेटी. एकीवर सरांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं, 'प्रात्यक्षिक पाठ, त्रिकोणमिती'. दुसरीवर 'रस्सीखेच, फायनल'.

"हॅलो!" हॅलोताई एवढ्या जोरात म्हणाल्या की सरांच्या हातातलं पेन्सिलचं टोक मोडलं.

त्या फायनलचं सांगायलाच हवं, कारण तिच्यावर या घराचा पाया उभा आहे. खात्याखात्यांच्या क्रीडास्पर्धा होत्या. बायकांच्या रस्सीखेचीत टेलिफोन एक्स्चेंज विरुद्ध हॉस्पिटल. एक्स्चेंजच्या दोराच्या शेवटी, कमरेला दोर बांधून, हॅलोताई. हॉस्पिटलच्या दोराच्या शेवटी सिस्टर. रुग्णांना एकटीनं उचलणाऱ्या त्या नर्सबायांपुढे खुर्चीत बसून प्लगा खुपसणाऱ्या मुली टिकतील असं कुणालाच वाटत नव्हतं. दोर इंचाइंचानं हॉस्पिटलकडे चालला होता. आणि अचानक काय झालं कोण जाणे, हॅलोताईंच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं, दोर फिरला आणि एक्स्चेंज जिंकलं. हरलेल्या सिस्टरांनी घरी जाऊन जाहीर केलं, "मला ओढून नेणारी मुलगी आहे. आपल्या घरात असली ताकद हवी." आणि धाकट्या भावासाठी मागणी घातली.

लग्न झालं, संसार झाला, पण वाद मिटला नाही. सिस्टरांचं म्हणणं, "वहिनी, तू खाली बसली होतीस. बसणं फाऊल असतं." हॅलोताईंचं म्हणणं, "वन्सं, मी उभी होते, खांबासारखी." कुठल्याही जेवणाच्या टेबलावर, डाळ वाढता वाढता हा विषय निघायचाच. आणि आता पुरावा हाती आला होता. त्या दिवशी हे सगळं कॅमेऱ्यात टिपलं होतं सरांनीच. मित्राचा कॅमेरा उसना आणून ते बहिणीची मॅच घ्यायला मैदानावर आले होते. त्यानंतर ती कॅसेट कुठे गेली ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"अहो, ही कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायची. कायमची. मग बघू कोण बसलं आणि कोण उभं होतं."

एरवी घरात नवा बल्ब आणायचा तरी चार दुकानं पालथी घालणारे सर म्हणाले, "कशाला? जुनं ते गेलं."

हॅलोताईंना थोडं नवल वाटलं. पण त्यांच्या अंगात वारं शिरलं होतं आणि वाऱ्याला नवल करायला वेळ नसतो.

कामाला लागल्यावर कळलं की पहिला प्रश्न प्लेअरचा. घरचा व्हिडिओ कॅसेट प्लेअर कधीच भंगारात गेलेला. नवे तर कुणी बनवतच नाही. राहिले जुने, आणि जुन्यांच्या जाहिराती सगळ्या एकसारख्या, 'उत्तम चालू स्थितीत'. पण हॅलोताईंजवळ एक अस्त्र होतं, त्यांचे कान. एक्स्चेंजमध्ये असताना नुसत्या खरखरीवरून त्या सांगायच्या की बिघाड तारेत आहे की माणसात. त्यांनी जाहिरात देणाऱ्या एकेकाला फोन लावायला सुरुवात केली.

"हॅलो, मशीनमध्ये एखादी कॅसेट घाला आणि फोन त्याच्या पोटाशी धरा. मी ऐकते."

"बाई, काय ऐकता?"

"तुम्ही धरा तर खरं."

मग डोळे मिटून ऐकायच्या. "याचा पट्टा सैल झालाय." "याचा रोलर कॅसेट चावतोय." एका गृहस्थांच्या मशीनवर तर त्या भाळल्याच. "अहाहा, काय एकसारखा आवाज! घरघर नाही, खरखर नाही. हेच घेऊ या." पलीकडून तो गृहस्थ म्हणाला, "बाई, मशीनचा प्लग सापडत नाहीये अजून. तुम्ही ऐकताय तो माझा टेबलफॅन."

सर खोलीच्या कोपऱ्यात वर्तमानपत्रामागे हसत होते. वर्तमानपत्र थरथरत होतं.

शेवटी मशीन मिळालं ते एका दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे. लहान पेशंट रडू नयेत म्हणून त्यांनी वेटिंग रूममध्ये कार्टून लावायला ते घेतलं होतं. चांगल्यातलं होतं. मागे नेहमीच्या पिवळ्या जॅकशिवाय बारीक टाचण्यांचं गोल सॉकेटही होतं, ज्यातून चित्र जास्त स्वच्छ निघतं. हॅलोताईंनी त्याबद्दल वाचून ठेवलं होतं. आता पारखायचं कशावर? मशीननं कॅसेट खाल्ली तर? फायनल पणाला लावायची नव्हती. त्यांनी पर्समधून त्रिकोणमिती काढली.

"अगं, ती माझी आहे!" सर म्हणाले.

"म्हणून तर आणली."

वेटिंग रूममध्ये गाल सुजलेले चारपाच लोक बसले होते. पडद्यावर काळ्याभोर केसांचे, हडकुळे सर अवतरले आणि साइन-कोसाइन समजावू लागले. आतून ड्रिलचा आवाज येत होता. गालाला रुमाल बांधलेले एक आजोबा थोडा वेळ बघून म्हणाले, "यापेक्षा आत गेलेलं बरं," आणि नंबर नसताना उठले. पण चित्र ठीक होतं, कॅसेट सुखरूप बाहेर आली, आणि हॅलोताई प्लेअर तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून घरी आल्या.

दुसरा प्रश्न, प्लेअरमधलं चित्र कॉम्प्युटरात न्यायचं कशानं? इथे सर एकाएकी मदतीला धावले. "ही बघ, बोटाएवढी काडी मिळते. एका बाजूला प्लेअर, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटर. हीच घे. सगळ्यात स्वस्त." सरांनी निम्मी जाहिरातही वाचली नव्हती. हॅलोताईंना वाटलं, चला, आले वळणावर.

काडी आली. त्रिकोणमिती लावली. सुरुवातीला झकास. मग आवाज हळूहळू चित्राच्या पुढे पळायला लागला. तासाच्या अखेरीस सरांचा आवाज उत्तर सांगून मोकळा आणि पडद्यावरचे सर अजून फळ्यावर गणितच लिहितायत.

"कॉपी!" हॅलोताई ओरडल्या. "अहो, तुम्हाला आधीच उत्तर माहीत होतं!" आणि उशीत तोंड खुपसून हसत सुटल्या.

सर म्हणाले, "मग राहू दे. नाही जमत तर नाही जमत."

पण हॅलोताई कसल्या राहू देतात! त्यांनी एक चपटा डबा आणला, जुनं चित्र नव्या टीव्हीच्या मापाचं करून देणारा. पुन्हा त्रिकोणमिती. या वेळी आवाज जागच्या जागी. पण सर आडवे पसरले. हडकुळ्या मास्तरांचे एकदम सावकार झाले, मान खांद्यात बुडाली. हॅलोताईंना वाटलं, आता हे चिडणार. आणि सर चिडले, पण स्वतःसाठी नाही. ते खुर्चीतून ताडकन उठले आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा समभुज त्रिकोण आहे? हा? मी फळ्यावर समभुज काढला होता!"

त्यांनी पट्टी आणली आणि पडद्यावरचा त्रिकोण मोजला. तळाची बाजू इतर दोन्हींपेक्षा लांब. "लोक म्हणतील, मास्तरला त्रिकोण काढता येत नव्हता."

"कोण लोक?"

"कुणीही!"

इथून पुढे सरांना काही सुधरेना. जेवता जेवता उठायचे. आंघोळीतून ओरडून विचारायचे, "चाराला तीनचं प्रमाण ठेवलं का?" हॅलोताई फोनवरून माहिती काढायच्या, सर आकृत्या काढायचे. डबा परत गेला आणि कॉम्प्युटरच्या पोटात बसवायचं चांगलं कार्ड आलं. त्याला प्लेअरचं गोल सॉकेट जोडता येत होतं, आणि ते चित्राला आवाजाची गाठ मारून ठेवायचं. आता त्रिकोण समभुज झाला. पण त्याच्या बाजू पाण्यात पडलेल्या सावलीसारख्या हलत होत्या. फळ्याची उभी कडसुद्धा नागमोडी.

"सरळ रेषा ही सरळच असली पाहिजे," सर म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

त्यावरचा उपाय हॅलोताईंनी शोधला. अशा हलत्या चित्राला ताळ्यावर आणायचं यंत्र वेगळं मिळतं, पण ते दुर्मिळ. मात्र काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर तेच काम फुकटात करतात. प्लेअर आणि कॉम्प्युटरच्या मधे नुसता जोडून ठेवायचा, त्याच्यातून जाता जाता चित्र शहाणं होतं. आणि तसला रेकॉर्डर कुठे होता? त्यांच्याच शोकेसमध्ये, फुलदाणीखाली, कित्येक वर्षं धूळ खात. काखेत कळसा म्हणतात तो असा.

जोडला. त्रिकोणमिती लावली. फळ्याची कड ताठ झाली. सरांनी पट्टी लावली, एकदा, दोनदा, तिन्ही बाजू. मग पट्टी हवेत फेकून त्यांनी हॅलोताईंचे दोन्ही हात धरले आणि दोघं साठी उलटलेली माणसं त्या वायरींच्या जंजाळात गोल गोल नाचली. पाय पिवळ्या वायरीत अडकला, सर पलंगावर आपटले, तरी हसत होते.

"आता काहीही चालवून बघ! केसन् केस दिसेल!" ते म्हणाले.

आणि म्हणताक्षणी त्यांचा चेहरा पडला. हॅलोताईंना तो पडलेला चेहरा दिसलाच नाही, त्या वन्संना फोन लावायला धावल्या होत्या.

सिस्टर आल्या त्या लढाईच्या तयारीनं. पण फायनलची कॅसेट खोक्यातून काढली तर फितीच्या कडेला पांढरी बुरशी.

"अरेरे," सर पटकन म्हणाले. "खराब झाली. अशी घातली तर नवं मशीन बिघडेल."

"सरक, बाळ," सिस्टर म्हणाल्या. थोरल्या बहिणीपुढे सर अजून बाळच. सिस्टरांनी पर्समधून हातमोजे काढले. तोंडाला मास्क बांधला. "वहिनी, स्क्रूड्रायव्हर. धागे न सुटणारं कापड. स्पिरिट." हॅलोताई एकेक वस्तू हातात ठेवत होत्या. कॅसेटचं पोट उघडलं गेलं, फीत वीतवीत पुसली गेली, वाळवली गेली, पोट बंद झालं. "पेशंट शुद्धीवर आहे," सिस्टरांनी सांगितलं. "आता लाव."

सर पाणी प्यायला उठले. सिस्टरांनी त्यांच्या शर्टाचं टोक धरून खाली बसवलं.

पडदा उजळला. मैदान. दोर. मधोमध लाल फडका. हॉस्पिटलच्या नर्स, एक्स्चेंजच्या ऑपरेटर, सगळ्यांच्या वेण्या वर बांधलेल्या. "ही बघ मी!" "ही मी!" दोघी सोफ्यावर उड्या मारू लागल्या. केवढाल्या मनगटांच्या होत्या त्या पोरी! शिट्टी वाजली. दोर ताणला गेला. कॅमेरा आधी थोडा वेळ सिस्टरांवर होता. मग तो हळूच दोरावरून सरकत सरकत दुसऱ्या टोकाला गेला आणि हॅलोताईंवर थांबला, तो थांबलाच.

"माझी मॅच घ्यायला आला होतास ना तू?" सिस्टरांनी विचारलं.

सर छताकडे बघत होते.

पडद्यावर हॅलोताईंचे पाय घसरत होते. दोर त्यांना पुढे नेत होता. आणि तेवढ्यात चित्र गदगदलं, फिरलं आणि आडवं झालं. कॅमेरा चालू ठेवूनच कुणीतरी बाकावर टेकवला होता. तिघांच्याही माना एका खांद्यावर कलल्या. आडव्या मैदानात हॅलोताई, मागे रेललेल्या पण उभ्या, तोंड आभाळाकडे, डोळे घट्ट मिटलेले. त्यांच्या मागे जमिनीवर पडलेलं दोराचं उरलेलं शेपूट. मग चित्रात आला एक चौकड्यांचा बुशशर्ट. आत एक हडकुळा तरुण. त्यानं कॉपी करणारं पोरगं बघतं तसं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, वाकला, दोराचं शेपूट उचललं, टाचा रोवल्या आणि जीव खाऊन ओढलं.

दोर फिरला. लाल फडका रेषेपार गेला. जल्लोष. तरुणानं दोर टाकला, दोन टाळ्या वाजवल्या, कॅमेऱ्याकडे धावत आला. पडदाभर त्याची एक नाकपुडी दिसली आणि अंधार.



"हॅलो?" हॅलोताई बारीक आवाजात म्हणाल्या.

"बाळ," सिस्टर म्हणाल्या, "तू माझ्याविरुद्ध ओढलंस?"

सरांचे कान लाल झाले होते. "तिचे पाय घसरत होते. तोंडावर पडेल असं वाटलं."

"ओळख होती तुझी हिच्याशी?"

"आवाजाची. शाळेचे ट्रंककॉल मी लावायचो ना. त्या दिवशी मैदानावर ती कुणाला तरी हॅलो म्हणाली. मी ओळखलं."

हॅलोताईंनी नवऱ्याकडे बघितलं. हाच माणूस, ज्यानं शेजाऱ्याची पानं बघितली म्हणून मेहुण्याशी महिनाभर अबोला धरला होता. आधी त्यांच्या पोटातून एक उचकी आली. मग दुसरी. मग हसू असं फुटलं की त्या सोफ्यावरून सतरंजीवर उतरल्या. "दहा हत्तींचं बळ!" त्या म्हणत होत्या. "अहो, एक हत्ती! चौकड्यांचा!" सिस्टरांनी रागवायचा प्रयत्न केला, पण मास्क अजून गळ्यात लोंबत होता आणि मास्कसकट त्या हलत होत्या. सर तेवढे उभे होते, वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे. मग तेही बसले, आणि बहिणीनं पाठीत घातलेल्या धपाट्यानं त्यांनाही हसू सुटलं.

"मी बसले नव्हते, हे मात्र सिद्ध झालं," हॅलोताई डोळे पुसत म्हणाल्या.

"पण जिंकलाही नव्हतात," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी शोकेसमधला त्या फायनलचा करंडक उचलला, आतल्या पेन्सिली टेबलावर ओतल्या आणि करंडक पर्समध्ये टाकला. "वहिनी, तुझी ताकद बघून मी मागणी घातली होती. फसवणूक झाली माझी."

"मग परत पाठवता का मला?"

"आता कसली पाठवते! कार्ड कुणाला चालवता येतं या घरात?"

बातमी लपणार थोडीच. फाईलच्या प्रती हॅलोताईंनीच करून दिल्या, आणि जुन्या नर्सा आणि जुन्या ऑपरेटर जथ्याजथ्यानं घरी येऊ लागल्या. येणारी प्रत्येक बाई आधी पडदाभर नाकपुडी बघून खिदळायची आणि मग पिशवीतून स्वतःची कॅसेट काढायची. कुणाची नाटकाची तालीम, कुणाच्या आईचा वाढदिवस, कुणाचं सायकल शिकणं, दहा वेळा पडणं आणि एकदा चालवणं. हॅलोताई कॅसेट लावायच्या, सिस्टर बुरशी तपासायच्या, सर पट्टी घेऊन माणसांची उंचीरुंदी बरोबर आहे ना ते बघायचे. आता त्यांना कुणी नियम सांगू देत नसे. तोंड उघडलं की कुणीतरी "दोर!" म्हणायचं.

फेरसामना झालाच. सिस्टरांनी हट्टच धरला. इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत दोन्हीकडच्या झाडून सगळ्या जमल्या, कुणाच्या गुडघ्याला पट्टा, कुणाच्या कमरेला. सरांना मधोमध खुर्चीवर बसवलं, हात सगळ्यांना दिसतील असे मांडीवर. शिट्टी त्यांच्या तोंडात दिली. त्यांनी ती वाजवली, दोर ताठ झाला, आणि दोराच्या एका टोकाहून हॅलोताईंनी डोळे उघडे ठेवून दुसऱ्या टोकाच्या वन्संकडे बघितलं. वन्संनी भुवया उडवल्या. कोण आधी हसलं ते सांगता येणार नाही. एकीचा जोर गेला, मग तिच्या मागचीचा, आणि बघता बघता दोन्ही संघ ओळीनं गवतावर बसले, चक्क बसले. सर शिट्टी फुंकून फुंकून फाऊल देत होते आणि त्यांचं कुणी ऐकत नव्हतं.

त्याचंही चित्रण झालं. या वेळी कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर पक्का बांधला होता.